अंगठा सांभाळून

ज्या वस्तूविषयी कोणी कधी तक्रार करीत नाही, ती वस्तू बहुधा कोणी वापरीतच नसावे, असे माझे एक जुने मत आहे. कपाटातल्या चांदीच्या अत्तरदाणीला कोणी नावे ठेवल्याचे मी ऐकलेले नाही. पण स्वयंपाकघरातला कुकर, न्हाणीघरातला नळ, पुढच्या दाराची कडी आणि पावसाळ्यातली छत्री यांच्याविषयी घरोघरी रोज काही ना काही बोलले जाते. कुकरची शिटी वेळेवर होत नाही, नळ बंद केला तरी ठिबकतो, कडी लावायची तर दार वर उचलावे लागते. आणि इतके असूनही कुकर, नळ, कडी आणि छत्री आपापल्या जागी असतातच. माणसांचेही थोडेफार असेच नाही का? पाहुण्यांची आपण तोंड भरून स्तुती करतो. तक्रार करतो ती ज्यांच्यावाचून आपला एक दिवस जात नाही त्यांची.

तक्रारींकडे असे ममतेने पाहण्याची सवय मला माझ्या धंद्याने लावली. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी उभे आयुष्य टूलरूममध्ये काढले. टूलरूम म्हणजे साचे घडवण्याची जागा. आम्ही डाय करून द्यायची, ती पॉवर प्रेसवर चढायची, आणि तिच्याखाली पत्रा सरकवून प्रेसवरचा कामगार दिवसाला हजारो भाग पाडायचा. डाय कशी झाली हे आम्हांला नकाशा सांगत नसे. तो कामगार सांगत असे. "साहेब, पत्रा अडकतोय," "साहेब, कडेला धार राहतेय," असे तो म्हणाला की आम्ही समजायचे, आता खरे काम सुरू झाले. सातपूर हे नाशिकहून त्र्यंबकेश्वराला जाणाऱ्या वाटेवरचे एके काळचे खेडे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे शेतांच्या जागी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, आणि १९८२ मध्ये नाशिकची महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर शहरात गेले. वाट मात्र तीच आहे. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या या रस्त्याने निघतात, तेव्हा एका कानाने टाळमृदंग आणि दुसऱ्या कानाने प्रेसचे ठोके ऐकण्याचा योग सातपूरकरालाच लाभतो.

आता एवढ्या प्रस्तावनेनंतर मी बंदुकीविषयी बोलू लागलो तर वाचक दचकतील. पण मला अलीकडे भेटलेली सर्वांत विचारपूर्वक केलेली तक्रार एका बंदुकीविषयीची आहे, आणि ती करणारे गृहस्थ आमच्या बँकेच्या दाराशी बसणारे पहारेकरी आहेत. पलटणीतून निवृत्त झालेले, सिन्नरकडचे. पलटणीत त्यांचा हुद्दा काय होता ते मी विचारले नाही. सगळी शाखा त्यांना सुभेदार म्हणते, म्हणून मीही म्हणतो. पेन्शनीच्या दिवशी रांग मोठी असते, आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांना बसायला सुभेदारांच्या शेजारचा बाक असतो. तेवढ्या शेजारावर आमची ओळख वाढली.

एका महिन्यात माझी नजर त्यांच्या गुडघ्याशी टेकलेल्या हत्यारावर गेली. पूर्वी बँकेच्या पहाऱ्यावर दुनळी असायची. ही एकनळी दिसत होती, आणि नळीच्या पोटाखाली आणखी एक नळी होती.

"सुभेदार, ही कोणती?"

"पंप आहे, साहेब," ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "चांगली आहे. पण बनवणाऱ्याने एकदा माझ्या जागी बसून बघायला पाहिजे होतं."

या एका वाक्याने माझे कान टवकारले. पत्रा अडकतोय म्हणणाऱ्या कामगाराचा सूर मी पुन्हा ऐकत होतो.

पंपाच्या बंदुकीची रचना सांगायला सोपी आहे. दुनळी कमरेत मोडायची, दोन काडतुसे भरायची, दोन बार काढायचे आणि पुन्हा मोडायची. पंपाच्या बंदुकीत खालच्या नळीत चार-पाच काडतुसे एकामागे एक रांगेत झोपवलेली असतात. डाव्या हाताखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि खालच्या नळीतले नवे बाहेर येते. मूठ पुढे सारली की एक छोटी पट्टी त्याला वर उचलते आणि ते नळीत जाऊन बसते. पूर्वीच्या हातपंपाची आठवण व्हावी अशी ती हालचाल आहे. बंदूक "बाराची", म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल अशा नळीची. सुभेदारांची बंदूक कोणत्या कारखान्यातली ते सांगण्याचे कारण नाही. पंपाच्या बंदुका आपल्या सरकारी आयुध कारखान्यांनीही केल्या आहेत, आणि बाराची "शक्तिमान" काडतुसे तर आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. तो कारखाना १८६९ सालचा.

घरी येऊन मी या जातीच्या बंदुकीची कुळकथा वाचून काढली. धंद्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरा उद्योग काय? अमेरिकेत स्पेन्सर आणि रोपर यांनी १८८२ मध्ये पहिली यशस्वी पंपाची बंदूक बाजारात आणली. पुढे जॉन ब्राउनिंग या विलक्षण कारागिराने विंचेस्टर कंपनीसाठी १८९३ आणि १८९७ चे नमुने केले. या १८९७ च्या बंदुकीची एक खोड होती: चाप दाबून धरला आणि नुसती मूठ मागेपुढे केली तरी बार निघत राहत. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शिपायांनी ती खंदकांत नेली, तेव्हा ही खोड गुण ठरली. इतकी की १९१८ मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला. शिकारीला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात मात्र तीच खोड धोक्याची. वस्तू एकच, गुणदोषांचा निवाडा मात्र ती कोणाच्या हातात आहे त्यावर.

या घराण्यातले सर्वांत लोकप्रिय अपत्य म्हणजे रेमिंग्टन ८७०. ही १९५० ची. त्याआधीची त्याच कंपनीची बंदूक लोण्यासारखी चाले म्हणतात. पण तिचे भाग घडवायला इतका खर्च येई की ती बाजारात मागे पडली. तेव्हा कारागिरांनी नवी बंदूक आखली: मुख्य घर अखंड पोलादाचे, पण आतले कित्येक भाग पत्र्यातून दाबून काढलेले आणि एका बंदुकीतून काढून दुसरीत बसणारे. हे वाचून माझी मान आपोआप डोलली. हा तर आमचाच धंदा! अशा बंदुका २००९ पर्यंत एक कोटीवर गेल्या. आणि जिथे एक कोटी हात, तिथे तक्रारी किती असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

त्या तक्रारी वाचताना मला गंमत वाटली ती याची, की सातासमुद्रांपलीकडच्या त्या बंदूकवाल्यांची गाऱ्हाणी आणि सातपूरच्या बाकावरची सुभेदारांची गाऱ्हाणी पुष्कळशी एकच होती. बंदूक तीच नव्हे, पण रचना त्याच वळणाची. म्हणून टोचतेही तिथेच.

पहिली तक्रार अंगठ्याची. काडतूस खालून भरावे लागते. ते उचलणारी पट्टी भोकाच्या तोंडावरच आडवी असते. तिला काडतुसाने वर दाबून आत सारायचे, आणि अंगठा काढून घेताना ती स्प्रिंगच्या जोराने परत येऊन नखाला चावा घेते. सुभेदारांच्या अंगठ्यावर तिची खूण होती. १९६० च्या सुमारास आलेल्या मॉसबर्ग कंपनीच्या ५०० क्रमांकाच्या बंदुकीत ही पट्टी वरच उचललेली राहते, आणि अंगठा वाचतो. म्हणजे उपाय नव्हता असे नाही.

दुसरी तक्रार खटक्याची. ज्याला सगळे सेफ्टी म्हणतात ते बटण चापामागे आडवे बसवलेले. उजव्या हाताच्या माणसाला ते बोटाच्या टोकाने ढकलता येते. डावखुऱ्याची मात्र पंचाईत. मॉसबर्गने ते बंदुकीच्या पाठीवर ठेवले, दोन्ही अंगठ्यांना सारखे. तर मग लोकांची तक्रार अशी की दस्त्याऐवजी पिस्तुलासारखी मूठ बसवली की अंगठा तिथे पोचत नाही! एका तक्रारीचा उपाय हा दुसऱ्या तक्रारीचा जन्म, हे टूलरूममध्ये आम्ही रोज पाहत होतो.

तिसरी तक्रार मापाची. दस्ता साधारण १४ इंचांचा, भरदार खांद्याच्या माणसाला बेतलेला. सुभेदार उंचीने बेताचे. दस्ता खांद्याला लावला की पुढची मूठ हाताला जेमतेम लागते. "दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. गंज, आतला खरखरीतपणा, स्वस्त काडतुसे नळीत चिकटून बसणे, या तक्रारी मी भरभर सांगून टाकतो. १९८७ पासून कंपनीने कमी किमतीची आवृत्ती काढली तेव्हा त्या वाढल्या. त्र्यंबकच्या डोंगरावरून आषाढात जी हवा खाली येते तिच्यापुढे कोणत्याही पोलादाने फुशारकी मारू नये. जुन्या काळी तर काडतुसे कागदाच्या नळीची असत. ती ओल धरून फुगत आणि ऐन वेळी नळीत शिरायलाच नकार देत.

पण सर्वांत मोठी तक्रार चौथी आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. मूठ शेवटपर्यंत मागे ओढली नाही तर रिकामे काडतूस नीट बाहेर पडत नाही, नवे वर येत नाही, आणि बंदूक नुसती काठी होऊन बसते. शांतपणे ओढली तर लहान मूलही ती पुरी ओढील. घाबरलेला माणूस मात्र अर्धीच ओढतो. ही तक्रार मोठ्यांनाच कळते असे नाही. दिवाळीत माझ्या नातवाने टिकल्यांचे पिस्तूल आणले. रोल घातला, चार टिकल्या वाजल्या आणि पाचवी मुकी राहिली. तो ते माझ्याकडे घेऊन आला. चाप पुरता दाबल्याशिवाय रोल पुढे सरकत नव्हता, आणि हा उत्साहाच्या भरात अर्धाच दाबत होता. तो म्हणाला, "आजोबा, हळू दाबलं तर वाजतं. पण मग मज्जा काय?" अमेरिकेतल्या एक कोटी बंदुकांच्या तक्रारीचा सारांश मी इतक्या थोडक्या शब्दांत दुसरीकडे वाचलेला नाही.

पुढच्या पेन्शनीला मी हा विषय काढला. सुभेदार थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, पलटणीत रोज हातात हत्यार होतं. झोपेतसुद्धा हात चुकला नसता. इथे वर्षातून एकदा चार बार काढायला नेतात. बाकीचं वर्ष ही अशीच टेकून. उद्या काही झालं, आणि माझ्याकडून अर्धी ओढली गेली, तर कागदावर काय लिहितील ठाऊक आहे? पहारेकऱ्याचा हलगर्जीपणा."

हा शब्द ऐकला आणि मला एकदम माझ्या नोकरीतली एक दुपार आठवली. कारखान्याचे नाव सांगत नाही. पायाच्या पेडलवर चालणारा एक प्रेस होता. पत्रा हाताने सरकवायचा, हात बाहेर काढायचा आणि मग पेडल दाबायचे. असे दिवसातून हजारो वेळा. एका दुपारी एका तरुण पोराचा पाय हाताच्या आधी चालला. दोन बोटे गेली. चौकशी झाली, आणि कागदावर शब्द उमटले: कामगाराचा निष्काळजीपणा. ते खोटे नव्हतेच. पाय त्यानेच दाबला होता. पण आमचे फोरमन वृद्ध आणि तोंडाचे फटकळ होते. ते साहेबांसमोर म्हणाले, "चूक पोराची म्हणून लिहा, हरकत नाही. पण चूक करायला जागा कोणी ठेवली तेही त्याच कागदावर लिहा." तेव्हाचा कारखान्यांचा कायदा १९४८ सालचा, यंत्राचे धोक्याचे भाग बंदिस्त करण्याचे कलम त्यात होते. पण कलम कागदावर असते आणि बोटे प्रेसखाली असतात. पुढे त्या प्रेसला दोन बटणे बसली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येईना. हात प्रेसखाली राहायला मुळी जागाच उरली नाही. कामगार तेच होते, तितकेच दमत होते, तितकेच घरच्या काळजीत असत; फक्त त्यांच्या दमण्याची आणि काळजीची किंमत बोटांनी द्यावी लागेनाशी झाली.

यासाठी कारखान्यातच जायला हवे असे नाही. आमच्या घरात आतून झाकण बसणारा कुकर आहे. त्याच्याविषयी सौभाग्यवतींच्या तक्रारी अनंत: झाकण तिरके घालून फिरवावे लागते, नव्या सुनेला ते जमायला महिना लागतो. पण आतल्या वाफेनेच ते झाकण घट्ट धरलेले असते. वाफ जाईपर्यंत घाईतल्या माणसाने कितीही ओढले तरी ते सुटत नाही. ज्याने हे झाकण आखले त्याने एक गोष्ट मनाशी धरली होती: सकाळी साडेनऊला डबा भरणारी बाई घाईत असणार. तिने घाई करू नये असा उपदेश त्याने केला नाही. घाई धरूनच त्याने रचना केली. मला वाटते, चांगल्या रचनेची खूण हीच. जी वस्तू माणसाने कधी दमू नये, घाबरू नये, विसरू नये अशी अट घालते, ती देवांसाठी केलेली असते. आणि देवांना ना कुकर लागतो, ना बंदूक.

म्हणून तक्रार ही मला कटकट वाटत नाही. तक्रार म्हणजे वापरणाऱ्याने रचणाऱ्याला लिहिलेले पत्र. प्रश्न एवढाच, की ते कोणी उघडून वाचतो का? रेमिंग्टनच्या बाबतीत एक पत्र वाचले गेले, आणि त्याची हकिगत मला फार आवडते. खालच्या नळीत भरताना काडतूस पुरते आत दाबले गेले नाही, तर ते मागे घरंगळून त्या उचलणाऱ्या पट्टीखाली अडके, आणि सारी बंदूक जागच्या जागी बांधली जाई. ना मागे, ना पुढे. पहिली तीसेक वर्षे हा दोष राहिला. चूक कोणाची? पुरते न दाबणाऱ्याची, असेच म्हटले जात असणार. मग कोणी तरी त्या पट्टीला घोड्याच्या नालासारखी खाच पाडली आणि मधली जीभ लवचीक ठेवली. आता काडतूस अडकले तरी सोडवता येते. बंदूक उलटी धरली की ती खाच खालून दिसते. एका पत्र्याच्या तुकड्यातली एक खाच! डायवाल्याच्या हिशेबाने काही तासांचे काम. पण तिच्यामागे किती शिकाऱ्यांची, किती शिपायांची गाऱ्हाणी साठलेली असतील? ही खाच म्हणजे कंपनीने दिलेली कबुली आहे, की चूक करायला जागा आम्ही ठेवली होती.

१८१६ पासूनची ही कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचे तुकडे विकले गेले, आणि इलियन गावातला तिचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. सातपूरच्या माणसाला बंद कारखान्याचे फाटक कसे दिसते ते सांगावे लागत नाही. पण जिथे ज्या बंदुका आहेत तिथे त्या आहेतच, आणि त्यांचा चावा घेण्याचा स्वभावही आहेच. पत्राचा पत्ता नाहीसा झाला म्हणून पत्र लिहायचे कोणी थांबत नाही.

या दसऱ्यानंतर सुभेदारांची बँकेतली मुदत संपली. त्या बंदुकीने त्यांच्या हातून बँकेत एकही बार काढला नाही, याबद्दल मी त्यांचे अभिनंदन केले, तर ते मनापासून हसले. त्यांच्या जागी एक तरुण माजी सैनिक आला आहे. बंदूक त्याच्या स्वाधीन करताना रजिस्टरात सही झाली, काडतुसे मोजली गेली, आणि मग सुभेदारांनी खिशातून वहीचा एक कागद काढला. मी बाकावरच होतो; मलाही त्यांनी तो दाखवला. सुवाच्य, पलटणीतल्या वळणाचे अक्षर होते. पंप ओढायचा तो शेवटपर्यंत, मागेही आणि पुढेही. काडतूस भरताना खट्ट आवाज होईपर्यंत बोट काढू नये. अंगठा सांभाळून. पावसाळ्यात रोज तेलाचा फडका फिरवावा.

कारखान्याने बंदुकीबरोबर काय माहितीपत्रक दिले होते मला ठाऊक नाही. पण ते त्या चार ओळींइतके उपयोगी असेल असे वाटत नाही. नव्या पोराने कागद घेतला, वाचला, आणि रजिस्टरात सही करायला पेन उचलले. डाव्या हातात. सुभेदारांनी ते पाहिले मात्र, कागद परत मागून घेतला, माझ्याकडून पेन घेतले, आणि खाली पाचवी ओळ लिहिली: खटका उजव्या हाताचा आहे. रिकाम्या बंदुकीवर रोज वीस वेळा सराव करावा.

पहिल्या चार ओळी निळ्या शाईच्या होत्या. ही तेवढी काळी आहे.